तीनशे वर्षांची गादी आणि छत्तीस दिन्नारांचं भात

काश्मीरच्या रणादित्याने तीनशे वर्षं राज्य केलं, असं कल्हण पंडित अगदी गंभीर चेहऱ्याने लिहून ठेवतो. इथेच ‘राजतरंगिणी’ मिटून टाकावीशी वाटेल. तेवढं मात्र करू नका. ११४८च्या सुमारास हाती घेतलेल्या या संस्कृत काव्यात आठ तरंग, म्हणजे प्रकरणं, आहेत. पहिल्या तिनांत दंतकथांची रेलचेल. सम्राट अशोकसुद्धा कित्येक शतकं मागे सरकलेला.

पाचव्या तरंगात नवव्या शतकातला अवंतिवर्मा गादीवर येतो आणि कल्हणाचे पाय जमिनीला लागतात. दरडींच्या दगडांनी वितस्ता, म्हणजे आजची झेलम, तुंबलेली. पूर आणि दुष्काळ पाचवीला पुजलेले. सुय्य नावाचा माणूस खजिन्यातून नाण्यांच्या घागरी मागून घेतो, होडीत बसतो आणि यक्षदर इथे ओंजळी भरभरून दिन्नार नदीत फेकतो. लोक वेड्यात काढतात. पण उपाशी गावकरी नाण्यांसाठी पाण्यात उतरतात, दगड उपसतात आणि पात्र मोकळं होतं! पुढे सुय्याने सात दिवस नदी अडवून तळ साफ केला. गावोगावची माती आणून भिजवली, ती सुकायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि त्यावरून पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. सुकाळातही दोनशे दिन्नारांना मिळणारी भाताची खारी (धान्याचं जुनं माप) छत्तीसला मिळू लागली. सोपोर हे शहर म्हणजे त्याचंच सुय्यपूर.

राजाची कारकीर्द तीनशे वर्षांची आणि भाताचा भाव छत्तीस, दोन्ही एकाच लेखणीतून! जुनं ऐकीव ते कल्हणाने तसंच ठेवलं, पण हाती पुरावा लागला तिथे सोडला नाही. आधीचे अकरा ग्रंथ आपण पाहिले, देवळांच्या स्थापनेचे आणि दानांचे लेख वाचून चुका निस्तरल्या, असं तो स्वतःच सांगतो. बाराव्या शतकात!

मला सातवा तरंग सगळ्यात थरारक वाटतो. राजा हर्षाने (१०८९-११०१) पैशांसाठी देवळं लुटली, मूर्ती उखडायला ‘देवोत्पाटननायक’ असा अधिकारीच नेमला. कल्हणाचे वडील चंपक याच हर्षाचे मंत्री. इतिहास सांगणाऱ्याने न्यायाधीशासारखे राग-लोभ बाजूला ठेवावेत, असं ग्रंथारंभी म्हणणाऱ्या मुलाने वडिलांच्या धन्याची गय केली नाही. आणि त्याच हर्षाने कल्हणाच्या चुलत्याच्या, कनकाच्या, विनंतीवरून परिहासपूरची बुद्धमूर्ती सोडून दिली, हेही त्याने नोंदवलं.