फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर. वजन कसं कळणार?

वाचकाने फोटोऐवजी फोटोची लिंक पाठवली, की वेबसाइट चालवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो: हा फोटो किती केबीचा? पीएचपीत काम करणारे अनेकजण ‘फाइलसाइज’ लावून बघतात. ते आपल्या सर्व्हरवरच्या फाइलला चालतं, बाहेरच्या एचटीटीपी लिंकला नाही. ‘गेटइमेजसाइज’ तर नावानेच फसवतं. ते लांबी-रुंदी सांगतं, वजन नाही.

सरळ मार्ग ‘हेड’ रिक्वेस्टचा. समोरचा सर्व्हर फोटो न पाठवता फक्त त्याची माहिती पाठवतो. पार्सल न सोडता बिल्टीवरचं वजन वाचावं, तसंच हे. ‘कंटेंट-लेंग्थ’ या ओळीत आकार बाइटमध्ये मिळतो; १०२४ ने भागला की केबी. कर्ल वापरत असाल तर ‘नोबॉडी’ चालू करा. लिंक दुसरीकडे वळत असेल, तर ‘फॉलोलोकेशन’ही.

खरी गोम पुढे आहे. काही सर्व्हर ही ओळ देतच नाहीत. तेव्हा कर्ल -१ हा आकडा देतं. कोडात नुसतं ‘२०० केबीपेक्षा कमी असेल तर घ्या’ लिहिलेलं असलं, की -१ बिनबोभाट पास होतो आणि मागून वीस एमबीचा फोटो आत येतो! शिवाय बिल्टीवरचं वजन चुकीचंही असू शकतं. म्हणून फोटो उतरवतानाही बाइट मोजत राहायचे आणि मर्यादा ओलांडली की कनेक्शन तिथेच तोडायचं. लिंक आपल्याच सर्व्हरच्या आतल्या पत्त्याकडे नेत असेल, तर ती उघडायचीच नाही.