पटाभोवती (भाग ६) : उंटावरचे शहाणे

लुडोचा पट मांडला की एक जण हमखास नुसता बसून असतो. बाकीच्यांच्या सोंगट्या पटभर हुंदडतायत आणि याच्या चारही घरात कोंडलेल्या. सहा काही पडत नाही. तो फासा मुठीत खुळखुळवतो, त्यावर फुंकर मारतो, डाव्या हाताने टाकून बघतो आणि शेवटी फाशावरच संशय घेतो. फाशाचा काही दोष नसतो. सलग दहा वेळा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के असते. भिडू चार असतील, तर त्यांतल्या निदान एकावर ही पाळी येण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या किंचित वरच जाते. थोडक्यात, दोनातल्या एका डावात कुणीतरी पहिल्या दहा फेऱ्या प्रेक्षक म्हणून काढणार, याची तजवीज नियमातच करून ठेवलेली आहे.

कित्येक घरांत ‘एक पडला तरी सोंगटी सुटते’ असा नियम चालतो. छापील नियमांवर बोट ठेवणारे त्याला नाक मुरडतात. लहान मुलांनी रडी खाऊ नये म्हणून दिलेली सूट, एवढीच त्याची किंमत करतात. पण एवढ्या एका सुटीने वरची ५० टक्क्यांची शक्यता ७ टक्क्यांच्या आत येते. ज्या कुणा आजीने किंवा मावशीने हा नियम पहिल्यांदा लावला, तिने कागद-पेन्सिल न घेता खेळाची सर्वांत मोठी खोट दुरुस्त केली.

गेल्या पाच भागांत आपण डोकं लावायच्या खेळांत रमलो होतो. आज नशिबाच्या शर्यती. या खेळांना ‘पोरखेळ’ म्हणून हिणवायची पद्धत आहे, आणि त्यांत जे कंटाळवाणे आहेत त्यांचं खापरही फाशावरच फोडलं जातं. माझं म्हणणं वेगळं आहे. नशिबाने खेळ बिघडत नाही. प्रत्येकाचं नशीब ज्याच्या-त्याच्यापुरतं राहिलं की बिघडतो. माझ्या फाशाने तुमचं काहीतरी व्हायला हवं. झालं, की त्याच फाशाने पटाभोवती आरडाओरडा सुरू होतो.

सापशिडी घ्या. चार जण एका पटाभोवती बसलेले दिसतात, पण खरं तर प्रत्येक जण एकटाच खेळत असतो. तुमची सोंगटी माझ्या घरात आली तरी माझं काही बिघडत नाही. दोघी सुखाने शेजारी उभ्या राहतात. तुम्हाला साप चावला याचा आनंद मला होतो खरा, पण त्यात माझा हात नसतो. गणित शिकवणाऱ्यांना हा खेळ फार आवडतो, कारण पुढच्या फेकीनंतर तुम्ही कुठे असाल हे फक्त आत्ता कुठल्या घरात आहात यावर ठरतं. आधी काय घडलं आणि शेजारी कोण उभं आहे, या दोन्हींना हिशेबात जागाच नाही. अमेरिकेत घरोघरी असलेल्या १०० घरांच्या पटावर एका खेळाडूला शेवटापर्यंत पोचायला सरासरी ३९ फेकी लागतात आणि नशीब फारच जोरावर असेल तर ७. हे आकडे काढताना किती जण खेळतायत हे कुणी विचारतसुद्धा नाही.

अर्थात ज्यांनी हा पट मुळात काढला त्यांना शर्यत लावायचीच नव्हती. ज्ञानचौपर म्हणा, मोक्षपट म्हणा, ७२ घरांच्या वैष्णव पटावर सोंगटी म्हणजे जीव. शिड्या पुण्याच्या, साप पापाचे, आणि पोचायचं वैकुंठाला. अशा पटावर शेजारच्याच्या सोंगटीने तुमच्या सोंगटीला धक्का न देणं अगदी रास्त होतं. ज्याचं कर्म त्याच्यापाशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी तो पट विलायतेला नेला, पापपुण्याची नावं हळूहळू पातळ केली आणि त्याची शर्यत करून टाकली. विचार गेला, एकटेपणा तेवढा राहिला. मोठी माणसं दुसऱ्या डावाला जांभया देतात त्याचं कारण हेच असावं.

युरोपात सोळाव्या शतकापासून चालत आलेला ‘हंसाचा खेळ’ याबाबतीत थोडा शहाणा निघाला. त्यातही फक्त फासे टाकून ६३ घरं ओलांडायची, निर्णय शून्य. पण ३१व्या घरात विहीर आहे. तिथे पडलात की दुसरा कुणी येऊन पडेपर्यंत बसून राहायचं! आता तुमची सगळी आशा दुसऱ्याच्या दुर्दैवावर, आणि तेही तोंडाने मोठ्याने बोलून दाखवलेली.

आपल्या पचिसीने मात्र ही गाठ फार पक्की मारली होती. सोंगटी मारण्याची गंमत तर होतीच, शिवाय चौघे दोन जोड्यांनी खेळत. समोर बसलेला भिडू तुमचा, आणि दोघांच्याही सोंगट्या घरी पोचल्याशिवाय जिंकणं नाही. त्याच्या कवड्या उलट्या पडल्या की तुमचाही जीव खालीवर. इंग्लंडात १८९६ साली लुडोचं पेटंट घेतलं गेलं तेव्हा कवड्यांच्या जागी फासा आला, आणि जोडीदार गेला. सोंगटी मारणं तेवढं टिकलं, आणि लुडो आज जो जिवंत आहे तो त्याच्याच जोरावर. घराच्या पट्टीत शिरायला दोन पावलं उरलेली सोंगटी मेली की जो काही गदारोळ होतो, तो बुद्धिबळात वजीर गेला तरी होत नाही. म्युनिकच्या योझेफ फ्रीडरिश श्मिट या गृहस्थाने याच खेळाचं जर्मन रूप काढलं, आणि त्याचं नावच ठेवलं ‘अरे बाबा, चिडू नकोस’. खेळ फारसा खपेना. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर त्याने ३,००० पट लष्करी रुग्णालयांना फुकट पाठवून दिले. जखमी सैनिक तिथे खेळले, घरी परतताना खेळ डोक्यात घेऊन गेले, आणि पुढे लाखांनी खपला.

आता उंटांकडे वळू. ‘कॅमल अप’ हा श्टेफेन बोगेन यांचा खेळ २०१४ साली आला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीतला ‘वर्षाचा खेळ’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. पाच उंट, सोळा घरांचं रिंगण आणि मधोमध पुठ्ठ्याचा पिरॅमिड. पिरॅमिडमध्ये पाच रंगांचे पाच फासे असतात. तो उलटा करून दांडी सरकवली की एक फासा बाहेर पडतो. ज्या रंगाचा फासा, त्या रंगाचा उंट चालणार. फाशावर आकडे फक्त १, २ आणि ३. पाचही फासे बाहेर आले की एक टप्पा संपला. फासे परत आत. उंट तुमचे नाहीत, कुणाचेच नाहीत. तुम्ही फक्त पैज लावायची, या टप्प्यात कोण पुढे राहील, शेवटी कोण जिंकेल, कोण तळाला जाईल. टप्प्याच्या पैजेत लवकर लावणाऱ्याला बरोबर ठरल्यास पाच मिळतात, मागाहून येणाऱ्याला तीन, मग दोन. चुकलात तर एक जातो.

इतकंच असतं तर घोड्यांच्या रेसची पुठ्ठ्यातली नक्कल झाली असती. खरी खोडी एका नियमात आहे. उंट एखाद्या घरात आला आणि तिथे आधीच दुसरा असेल, तर तो त्याच्या पाठीवर चढतो. आणि खालचा उंट चालला की पाठीवरच्या सगळ्यांना घेऊन चालतो. एकाच घरात असतील तर वर बसलेला पुढे धरायचा.

यातून काय होतं ते एका उदाहरणाने बघू. आठव्या घरात पिवळा उंट एकटा, सगळ्यांच्या पुढे. सातव्या घरात पांढरा, आणि त्याच्या पाठीवर केशरी. बाकीचे दोघे कुठेतरी मागे रेंगाळतायत आणि त्यांचे फासे येऊन गेलेत. केशरीचाही येऊन गेलाय. पिरॅमिडमध्ये आता फक्त पिवळा आणि पांढरा. म्हणजे केशरी या टप्प्यात स्वतःच्या पायाने एक पाऊलही टाकू शकत नाही. त्याच्यावर पैज कोण लावेल?

समजा आधी पांढरा फासा आला आणि ३ पडले. पांढरा केशरीला घेऊन दहाव्या घरात जातो. छान पुढे गेले, पण आता पिवळ्याला २ किंवा ३ पडले की तो एकतर त्यांच्या डोक्यावर चढतो किंवा पुढे निघून जातो. पांढऱ्याला २ पडले तर आणखी वाईट: दोघे नवव्या घरात, आणि पिवळ्याला काहीही पडलं तरी तो पुढेच. पण पांढऱ्याला १ पडला तर? सगळ्यांत वाईट दान. पांढरा-केशरी आठव्या घरात, पिवळ्याच्या पाठीवर चढतात. आता पिवळ्याला काहीही पडो, १, २, ३, तो या दोघांना वाहून नेणार आणि केशरी सगळ्यांत वर बसून टप्पा जिंकणार. सगळ्या शक्यता जोडल्या तर न चालणाऱ्या या उंटाला १८ पैकी ७ संधी आहेत. वाईट नाही.

हे गणित मी इथे निवांत बसून मांडलं. पटावर ते कुणी मांडत नाही, कारण आठ जण बसलेले असतात आणि पैजेचं पान दुसऱ्याने उचलायच्या आत उचलायचं असतं. ‘मला माहीत होतं!’ असं सगळे नंतर म्हणतात. आकडेमोड करून बसणारा जरा जास्त वेळा जिंकतो, पण आठ वर्षांची भाची केशरी रंग आवडतो म्हणून पैज लावते आणि पाच नाणी घेऊन जाते, तेव्हा तोसुद्धा हसतो. या खेळात हरण्याचा सल राहत नाही, कारण उंट आपला नसतोच.

नशीब आणि कौशल्य ही एकाच तराजूची दोन पारडी, एक वर गेलं की दुसरं खाली, असं आपण गृहीत धरतो. २०२१ साली मोबाइलवरचा पैसे लावून खेळायचा लुडो मुंबई उच्च न्यायालयात पोचला, तेव्हाही वाद हाच होता, लुडो नशिबाचा की कौशल्याचा. (पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता तो वाद २०२५च्या केंद्रीय कायद्याने निकालात काढला, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून चालणार नाही.) रिचर्ड गारफील्ड यांना हा तराजूच मान्य नाही. हे गणितातले डॉक्टर, आणि ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या जगभर गाजलेल्या पत्त्यांच्या खेळाचे कर्ते. ते एक काल्पनिक खेळ सांगतात. बुद्धिबळाचा पूर्ण डाव खेळा, मग एक फासा टाका, आणि एक पडला तर निकाल उलटा करा. डोकं पहिल्याइतकंच लागलं. नशीब मात्र वाढलं. दोन्ही गोष्टी एकाच खेळात वेगवेगळ्या प्रमाणात असू शकतात, एवढंच त्यांना दाखवायचं आहे.

हेच गारफील्ड गेल्या काही वर्षांत कशात रमले असतील? ताकाशी इशिदा यांच्या ‘मॅजिकल ॲथलीट’ या जपानी खेळात. २०२५ साली त्याची नवी आवृत्ती निघाली, तिच्यावर इशिदांच्या जोडीला गारफील्ड यांचं नाव आहे. फासा टाका, तेवढी घरं चाला, पहिले या. मूळ सांगाडा सापशिडीपेक्षा अवघड नाही. पण प्रत्येक धावपटूला एक विचित्र शक्ती दिलेली आहे. एक गडी फासा न टाकता सरळ पाच घरं जाऊ शकतो. दुसरा एक नुसता पटावर आहे म्हणून बाकी सगळ्यांची चाल एकाने घटते. अशा पाच-सहा शक्ती एकत्र आल्या की एकाच्या चालीने दुसरा मागे ढकलला जातो, तो मागे गेल्यामुळे तिसऱ्याला काहीतरी लागू होतं, आणि ज्याने फासा टाकला तो राहतो बाजूलाच. धावपटूंत समतोल नाही. काही उघड उघड भारी, काही निव्वळ टाकाऊ. एकूण चार शर्यती, प्रत्येकीत नवा गडी, त्यामुळे आत्ता टाकाऊ गडी वाट्याला आला तरी पाच-दहा मिनिटांचाच प्रश्न.

ही मिनिटं महत्त्वाची आहेत. फाशावर चालणाऱ्या खेळाने अर्ध्या तासाच्या आत आटपावं. लुडोवर माझा खरा राग हाच आहे. निकाल कळून चुकल्यावरही शेवटची सोंगटी नेमका आकडा पडेपर्यंत दारात ताटकळते आणि तोवर चहा निवून जातो.

‘कॅमल अप’ विकत आणायलाच हवा असं नाही. घरातला सापशिडीचा पट काढा, त्यावरची १ ते १६ घरं घ्या, साप आणि शिड्या विसरा. बाटल्यांची पाच वेगवेगळ्या रंगांची झाकणं म्हणजे उंट. एकावर एक छान रचता येतात. त्याच रंगांच्या पाच चिठ्ठ्या डब्यात टाका. चिठ्ठी काढायची, मग साधा फासा टाकायचा: १-२ पडले तर एक घर, ३-४ ला दोन, ५-६ ला तीन. काढलेली चिठ्ठी टप्पा संपेपर्यंत बाहेर. पैजेला शेंगदाणे चालतील, फक्त ते ताटलीत न ठेवता वाटीत झाकून ठेवा, नाहीतर तिसऱ्या टप्प्यापर्यंत बँक बुडालेली असते.

पुढच्या आठवड्यात फासा नसलेली शर्यत: डेव्हिड पार्लेट यांचा ससा-कासवाचा खेळ. त्यात एक घर पुढे जायला एक गाजर लागतं, दोन घरांना तीन, तीन घरांना सहा. १० घरांची उडी मारायची तर किती गाजरं लागतील, ते तोवर काढून ठेवा.