इंडक्शन शेगडीचा सुज्ञ उपयोग
इंडक्शन शेगडीत ज्वाला नसते. काचेखालील वेटोळ्यातून वाहणारा, अतिजलद दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह जे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करतो, त्याच्या योगे लोखंडी पात्राच्या बुडातच उष्णता प्रकटते, आणि म्हणूनच ज्यास लोहचुंबक चिकटत नाही, असे निव्वळ पितळेचे वा ॲल्युमिनियमचे भांडे तिजवर निरुपयोगी ठरते. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टांवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढते; सबब तिला अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेटच द्यावे. बूड सपाट असावे, झाकण ठेवावे, उकळी फुटताच आच उतरवावी. रिकामे भांडे तापवू नये, काचेस तडा जाताच वीज तोडावी, पेसमेकर बसविलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि स्वयंपाक आटोपल्यावर आतील पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नये.