आंतड्यांचा दाह व नवीं जैविक औषधें

घरांतील एखादा तरुण मुलगा महिनेच्या महिने पोटदुखीनें व रक्तमिश्रित जुलाबांनीं झिजूं लागला, म्हणजे पहिला ठपका बाहेरच्या खाण्यावर येतो. मग ताकभात व बेलाचा मुरंबा सुरू होतो. परंतु आंतड्यांचा एक दीर्घकालीन दाह असा आहे, कीं त्यांत शरीराची संरक्षक शक्तिच आंतड्यांवर उलटते. न्यूयॉर्क येथील डॉ. क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनीं त्याच्या एका प्रकाराचें वर्णन १९३२ सालीं प्रसिद्ध केलें. तो ‘क्रोनचा विकार’. दुसरा प्रकार मोठ्या आंतड्याच्या व्रणयुक्त दाहाचा.

हा दाह चेतविणाऱ्या द्रव्यांपैकीं ‘टीएनएफ’ हें एक होय. त्यास गांठून निष्प्रभ करणारें प्रथिन म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब. तें जिवंत पेशींकडून तयार करवितात, म्हणून त्यास जैविक औषध म्हणावयाचें. अमेरिकेंत क्रोनच्या विकारासाठीं त्यास १९९८ सालीं मान्यता मिळाली. पोटांत घेतल्यास तें अन्नाप्रमाणें पचून जाईल. म्हणून शिरेंतून देतात. पहिल्या मात्रेनंतर दुसऱ्या व सहाव्या आठवड्यांत, आणि पुढें सामान्यतः दर ८ आठवड्यांनीं, असा त्याचा क्रम असतो. अडालिमुमॅब हें त्याच जातीचें औषध त्वचेखालीं टोंचतात. त्याची देशी आवृत्ति २०१४ सालीं भारतांत पुष्कळ कमी किंमतीस निघाली.

मात्र टीएनएफ केवळ वैरी नव्हे. क्षयाच्या जंतूंभोंवतीं कोट घालून त्यांस कोंडून ठेवण्याच्या कामींही तें लागतें. तें अडविलें, कीं वर्षानुवर्षें निजलेला क्षय जागा होऊं शकतो. इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद २००१ सालींच प्रसिद्ध झाली. शिवाय आंतड्यांचा क्षय पुष्कळदां क्रोनच्या विकारासारखाच दिसतो. म्हणून छातीचें क्ष-किरण चित्र व सुप्त क्षयाची तपासणी आधीं झालीच पाहिजे.

परंतु कित्येक गोष्टी तपासणींत दिसत नाहींत. त्या घरच्या माणसांसच ठाऊक असतात. मुलींच्या लग्नांत विघ्न नको, म्हणून आजोबांचा किंवा काकूंचा क्षय ‘जुना खोकला’ म्हणून झांकण्याची रीत आमच्या परिचयाची आहे. ती येथें रुग्णाच्या जिवावर बेतेल.

हीं औषधें रोग समूळ नाहींसा करीत नाहींत, व सर्वांस लागूही पडत नाहींत. तथापि ज्यांस लागू पडतात त्यांचे व्रण भरून येतात, आणि कित्येकांची शस्त्रक्रिया टळते. बरें वाटलें म्हणून आपल्याच विचारानें मात्रा चुकवूं नये. मध्यंतरीं शरीर त्या औषधाविरुद्धच सज्ज होतें, व पुढें तें निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. वडीलधाऱ्यांनीं मुलाबरोबर स्वतः डॉक्टरांकडे जावें, आणि घराण्याचा आजार न लपवितां सांगावा, एवढीच आमची विनंति आहे.