यंत्रांची घराणी

आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते, आणि इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे ‘नुसता धडधडाट’ असा निकाल लागून जातो. माझाही बरीच वर्षं हाच समज होता. तो बदलला एका जुन्या सवयीमुळे. ख्याल ऐकताना आपण विचारतो, गायकी कुठल्या घराण्याची? किराणा, ग्वाल्हेर, आग्रा ही सगळी गावांचीच नावं. हाच प्रश्न यंत्रांच्या संगीताला विचारला, तेव्हा त्या धडधडाटातून एकेक गाव वेगळं ऐकू यायला लागलं.

मूळपुरुष अर्थातच युरोपातले. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर यांनी आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित करून, ते जुळवून रचना केली. पुढे ड्युसेलडॉर्फच्या ‘क्राफ्टवेर्क’ने १९७४च्या ‘आउटोबान’मध्ये महामार्गावरच्या प्रवासाचं सिंथेसायझरवर संगीत केलं आणि प्रयोगशाळेतला हा आवाज घराघरांत पोचला.

मात्र घराणी खऱ्या अर्थाने उभी राहिली अमेरिकेत. जुलै १९७९मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या विरोधात त्याच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवण्यात आला. त्याच शहरात ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स डिस्को वाजवत होते. तिथे नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण होते. बाहेरच्या जगात त्यांना जागा नव्हती, इथे होती. या ‘वेअरहाउस’वरूनच ‘हाउस’ हे नाव पडलं. चारही मात्रांवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके आणि वर गाणारा, उमेद देणारा गळा, ही हाउसची ओळख.

मोटारींच्या कारखान्यांचं शहर असलेल्या डेट्रॉइटजवळ, बेलव्हिल इथे वाढलेल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉंडरसन या मित्रांनी टेक्नो घडवलं. ठोका तोच, पण गळा बहुतेक नाहीसा झाला. उरली यंत्रांची थंड लय आणि भविष्याची ओढ. हाउस माणसं जवळ आणतं, टेक्नो त्यांना रिकाम्या कारखान्यातून चालायला लावतं, असा फरक मला जाणवतो.

आता एका यंत्राजवळ थोडं थांबू. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ १९८१च्या सुमारास आलं. बेस गिटार वाजवणारा साथीदार नसेल, तर गिटारवादकाला साथ देण्यासाठी ते बनवलं होतं. त्याचा आवाज खऱ्या बेससारखा लागेना, म्हणून लवकरच उत्पादन बंद पडलं आणि यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रयीने त्यातलं एक घेतलं आणि सुरावट फिरत असतानाच त्याचे नॉब पिळायला सुरुवात केली. फिल्टर उघडता-मिटता आवाज कधी कण्हतो, कधी किंचाळतो. त्याची टेप शिकागोचे डीजे रॉन हार्डी यांनी क्लबात लावली तेव्हा लोक नाच सोडून बाजूला झाले. त्याच रात्री त्यांनी ती पुन्हा पुन्हा लावली आणि चौथ्या वेळी लोकांनी क्लब डोक्यावर घेतला, असं सांगतात. १९८७मध्ये तीच रचना ‘ॲसिड ट्रॅक्स’ नावाने आली आणि तिच्यापासून ॲसिड हाउस सुरू झालं.

पण या यंत्राची आणखी एक खुबी होती. एका सुरावरून दुसऱ्यावर ते घसरत जाऊ शकत असे. आपण त्याला मींड म्हणू. ही खुबी शिकागोच्या आधी मुंबईत ओळखली गेली होती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ हे ड्रमयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन भैरव, ललित, तोडीसह दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बांधले. तेव्हा तबकडी फारशी विकली गेली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि ‘ॲसिड’च्या पाच वर्षं आधीचा हा आवाज ऐकून जगभरचे रसिक थक्क झाले. त्यातला भैरव ऐकताना खाली ठोका जराही हलत नाही आणि वर सूर घसरत, वळत राहतात. यंत्राला रागाची वाट दाखवणारा हात त्यात स्पष्ट ऐकू येतो. सिंग यांचं २०१५मध्ये मुंबईत निधन झालं. निदान आयुष्याच्या अखेरीस त्यांना ही दाद मिळाली.

गोव्याच्या हणजूणमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे नव्वदच्या दशकात ट्रान्स या आणखी एका घराण्याने वेगळं रूप घेतलं. तिथल्या उन्हात तबकड्या वाकत, म्हणून गोवा गिलसारखे डीजे डॅट या डिजिटल टेपांवर वाजवत. टेपची गती तबकडीसारखी हाताने जुळवता येत नाही. त्यामुळे ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोका नसलेला, तरंगता भाग उपयोगी पडे. तिथे एक टेप उतरे, दुसरी चढे. हवामानाने संगीताची बांधणी घडवली, ती अशी.

लंडनच्या ‘जंगल’ आणि ‘ड्रम-अँड-बेस’ या घराण्यांचा प्राण म्हणजे १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’मधला जेमतेम सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा. तो कापून, वेगाने फिरवून हजारो ट्रॅक झाले. वाजवणारे ग्रेगरी कोलमन मात्र त्याचं मानधन न मिळताच २००६ साली बेघर अवस्थेत गेले. ही गोष्ट कळल्यापासून तो तुकडा मला निर्धास्तपणे ऐकता येत नाही. याच लंडनमध्ये तालविन सिंग यांनी तबला आणि ड्रम-अँड-बेस एकत्र आणले. त्यांच्या ‘ओके’ला १९९९चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमधून आलेलं डबस्टेप मिनिटाला १४० ठोक्यांचं, पण चाल ७०ची. आपल्या कानाला हे चटकन उमगतं. ठाय आणि दुगुण एकाच वेळी चालू आहेत, इतकंच.

ज्यांना ठोकाच नको, त्यांनी ब्रायन ईनो यांच्या १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’पासून सुरुवात करावी. त्यात वेगवेगळ्या लांबीची टेपची आवर्तनं एकत्र फिरतात आणि सम येतच नाही. रियाजाच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून नुसतं ऐकत बसलेल्या माणसाला हा अनुभव परका वाटणार नाही.

ऐकताना आधी किक शोधावी. चारही मात्रांवर आहे की तुटक? मग हाताने ठेका धरून लय मोजावी. मग बेस कुठे फिरतो ते पाहावं, आणि शेवटी विचारावं की हे कुठल्या गावचं, कुणासाठी वाजलेलं? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं की यंत्राच्या मागे बसलेला माणूस दिसतो. शिकागोत नाचायला जागा शोधणारा, मुंबईत भैरवासाठी नॉब फिरवणारा, आणि सात सेकंद ड्रम वाजवून विस्मृतीत गेलेला. त्याचं नाव घेऊन ऐकावं. घराण्याची गायकी ऐकताना आपण गुरूचं नाव घेतोच की.