उत्तर लंडनचे ऑगस्ट

29 ऑगस्ट 2021 च्या रात्री इंग्लिश प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यात वरून पहिला होता टॉटनम आणि खालून पहिला आर्सेनल. दोन्ही क्लब उत्तर लंडनचे, मैदानांत जेमतेम सहा-सात किलोमीटरचं अंतर आणि वैर शंभर वर्षांहून जुनं. टॉटनमचे तीन सामने, तीन विजय, नऊ गुण. आर्सेनलचेही तीनच सामने, पण तिन्ही हरलेले. नऊ गोल खाल्ले आणि एकही केला नाही. टॉटनमचे नवे प्रशिक्षक नूनो एस्पिरितो सांतो यांना ऑगस्टचे सर्वोत्तम मॅनेजर म्हणून गौरवण्यात आलं. आर्सेनलचे मिकेल आर्टेटा यांच्यासाठी चाहत्यांकडे दोनच शब्द होते: ‘आर्टेटा आऊट’.

नऊ आठवड्यांनी, 1 नोव्हेंबरला, नोकरी गेली ती नूनोंची.

हंगामाच्या सुरुवातीला प्रशिक्षकाची पारख करण्याची घाई चाहत्यांना असतेच, आणि ती चुकीची आहे असं शहाण्यासारखं सांगायला फारसं काही लागत नाही. मला त्या ऑगस्टकडे वळून पाहताना वेगळंच काही दिसतं. टॉटनमचे चाहते जिंकत असतानाही कुरबुरत होते आणि त्यांची कुरबूर बरोबर निघाली. आर्सेनलचे चाहते हरत असताना चिडले होते, गुणतक्ता त्यांच्या बाजूने साक्ष देत होता, तरी त्यांचा निवाडा चुकला. घाई तर दोघांनीही केली होती.

आर्सेनलच्या चाहत्यांची बाजू आधी मांडायला हवी, कारण त्यांना नंतर फार हसलं गेलं. ऑगस्ट 2021 मध्ये ते तीन सामन्यांवर बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात 2018 पासूनचा सगळा हिशेब होता. आर्सेन वेंगर 22 वर्षांनी गेले आणि उनाई एमेरी आले. पहिले दोन सामने मँचेस्टर सिटी आणि चेल्सीकडून हरले, आणि मग संघ सलग 22 सामने हरलाच नाही. 7 ऑक्टोबर 2018 ला फुलहॅमच्या मैदानावर 5-1 असा विजय मिळाला, तेव्हा पाहुण्या स्टँडमधून गाणं उठलं की आमचं आर्सेनल आम्हाला परत मिळालं. त्या गाण्यात सुटकेचा श्वास होता. वेंगर यांच्या शेवटच्या वर्षांत आपसांत भांडून दमलेली माणसं ती.

पण त्याच सामन्यांत एक गोष्ट उघड्यावर पडून होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत लीगच्या एकाही सामन्यात आर्सेनल मध्यंतराला आघाडीवर नव्हतं. फुलहॅमलाही मध्यंतरी 1-1 च होते. दरवेळी दुसऱ्या सत्रात बदल करायचा, कुणीतरी अवघड गोल मारायचा आणि सामना खिशात घालायचा. संधींच्या दर्जावरून गोलांचा अंदाज बांधणारे आकडेपंडित तेव्हाच सांगत होते की इतक्या संधींतून इतके गोल फार काळ होत नाहीत. ऐकतो कोण! संघ डिसेंबरात साउदॅम्प्टनला 3-2 हरला, हंगाम पाचव्या क्रमांकावर संपला, बाकूतल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीने 4-1 धुतलं. पुढच्या नोव्हेंबरात, अर्ध्या रिकाम्या एमिरेट्स स्टेडियमवर फ्रँकफर्टकडून हरल्यावर दुसऱ्याच दिवशी एमेरींना निरोप मिळाला. (हेच एमेरी पुढे व्हियारेआलला युरोपा लीग जिंकून देताना उपांत्य फेरीत आर्टेटांच्या आर्सेनलला बाहेर काढतात. फुटबॉलला अशा खोड्या फार आवडतात.)

म्हणजे एकदा सुरुवात पाहून भुललेले हे लोक. आर्टेटांच्या वाट्याला आला तो त्यांचा पोळलेला संशय.

आर्टेटा 20 डिसेंबर 2019 ला नेमले गेले. आठ महिन्यांच्या आत एफए कप जिंकला, अंतिम फेरीत चेल्सीला 2-1 हरवून. तो सामना रिकाम्या वेम्बलीत झाला. करोनामुळे त्यांचा पहिल्या दीड वर्षाचा कारभार प्रेक्षकांनी बहुतेक टीव्हीवरच पाहिला, हे नंतरच्या चर्चेत विसरलं जातं. 2020 चा हिवाळा तर भयंकर होता. 14 सामन्यांत 14 गुण, नाताळला पंधरावा क्रमांक. त्याच आठवड्यात आर्टेटांनी पत्रकारांसमोर टक्केवारी मांडली: एव्हर्टनविरुद्ध आपण जिंकण्याची शक्यता 67 टक्के होती आणि हरण्याची 9, तरी हरलो, बर्नलीविरुद्ध हरण्याची 3 टक्के, टॉटनमविरुद्ध 7. त्यावर झालेली टिंगल अजून आठवते. हरलेल्या माणसाने गणित सांगू नये, हा जगभरच्या स्टँडमधला अलिखित कायदा आहे. गणित अगदीच खोटं नव्हतं, पण ते सांगण्याची वेळ आणि जागा दोन्ही चुकली होती, असं मला आजही वाटतं.

हंगाम आठव्या क्रमांकावर संपला. आधीचाही आठव्याच क्रमांकावर संपला होता. 25 वर्षांत पहिल्यांदाच क्लब पुढच्या हंगामात युरोपातल्या कोणत्याही स्पर्धेत नसणार होता. एप्रिलमध्ये युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचं, सुपर लीगचं, प्रकरण झालं आणि मालक क्रोएंके यांच्या विरोधात हजारो चाहते स्टेडियमबाहेर जमले. त्या उन्हाळ्यात मालकाच्याच पैशाने सुमारे 15 कोटी पौंड खर्चून सहा खेळाडू घेतले. सगळे 23 वर्षांचे किंवा त्याहून लहान. चाहत्यांनी विचारलं, ही खरेदी उद्यासाठी आहे की पाच वर्षांनंतरसाठी?

मग आला शुक्रवार, 13 ऑगस्ट. 74 वर्षांनी पहिल्या श्रेणीत परतलेल्या ब्रेंटफर्डने 2-0 हरवलं. सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे शनिवार उजाडून अर्धा तास झालेला होता, आणि मुंबई-पुण्यातले जागरण करणारे आर्सेनलवाले त्या दुसऱ्या गोलनंतर झोपायला गेले असतील तर त्यांचं काही चुकलं नाही. लांब थ्रो-इन, चेंडू गोलसमोर टप्पा खातो, आणि नॉरगार्ड मोकळा उभा राहून डोकं लावतो. शाळकरी पोरांच्या बचावात शोभेल असा गोल. नऊ दिवसांनी चेल्सीविरुद्ध एमिरेट्स स्टेडियम मार्च 2020 नंतर पहिल्यांदाच पूर्ण भरलं होतं. चेल्सीच्या लुकाकूने बेन व्हाइटच्या जागी खेळणाऱ्यांना अक्षरशः ढकलत बाजूला सारलं आणि 0-2. मग शनिवारी, भारतात संध्याकाळी पाचला, मँचेस्टर सिटी. आर्सेनलच्या शाकाला 35 व्या मिनिटाला लाल कार्ड, आणि 5-0.

शितावरून भाताची परीक्षा करतात, पण त्याला सगळे तांदूळ एकाच भांड्यात, एकाच आधणात असावे लागतात. इथे अर्धे तांदूळ भांड्यात पडलेच नव्हते. ब्रेंटफर्डला ऑबामेयांग आणि लाकाझेत आजारी. गाब्रिएल आणि थॉमस पार्टे तिन्ही सामन्यांत जखमी. बेन व्हाइट करोनाने दोन सामने बाहेर. ओडेगार्डचा करार 20 ऑगस्टला जाहीर झाला, तोमियासूचा तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी. 11 सप्टेंबरला नॉरिचविरुद्ध गोलरक्षक रॅम्सडेल आणि त्याच्यापुढे तोमियासू, व्हाइट, गाब्रिएल, टिअर्नी ही फळी पहिल्यांदा एकत्र उतरली. विसाव्या आणि एकोणिसाव्या क्रमांकांची ती लढत. ऑबामेयांगचा एक गोल, 1-0. पुढे बर्नलीत ओडेगार्डच्या फ्री किकवर पुन्हा 1-0. देखणं काहीच नव्हतं, पण पाठीमागची पाच माणसं आता एकमेकांना ओळखत होती, आणि प्रशिक्षक सुधारतोय का हे पाहायचं तर पाहण्याजोगं तेवढंच होतं.

इकडे टॉटनमच्या चाहत्यांना नूनो मुळातच नको होते असं म्हटलं तरी चालेल. एप्रिलमध्ये आधीचे प्रशिक्षक मोरिन्यो गेल्यापासून जूनअखेरपर्यंत क्लब माणूस शोधत होता; कोंतेंशी बोलणी फिसकटली, फोन्सेका यांचं जमता जमता मोडलं, गात्तुसो यांचं नाव निघताच चाहत्यांनीच विरोधाची मोहीम चालवली. उरले नूनो. पहिल्याच सामन्यात सोनच्या गोलने मँचेस्टर सिटीला हरवलं, तोही केनशिवाय, आणि तरी उत्सव मोजकाच झाला. त्यानंतर वुल्व्ह्ज आणि वॉटफर्डवर प्रत्येकी 1-0. जुने प्रेक्षक सामना पाहून उठत आणि म्हणत, अहो, पण गोलवर फटके किती मारले? त्यांना गुणतक्ता दिसत होता, पण चेंडू पुढे जाताना दिसत नव्हता. क्रिस्टल पॅलेसने 3-0 हरवलं, चेल्सीने 3-0.

26 सप्टेंबरला दोन्ही संघ एमिरेट्सवर भिडले. 34 मिनिटांत 3-0. स्मिथ रो, ऑबामेयांग, साका. स्मिथ रो आणि साका हे क्लबच्याच अकादमीत वाढलेले, 21 आणि 20 वर्षांचे. सामना 3-1 संपला, आणि सप्टेंबरचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले आर्टेटा. महिन्याभरापूर्वी ‘आऊट’ म्हणणारे आता ‘प्रोसेसवर विश्वास ठेवा’ म्हणू लागले, आणि कित्येकांनी तर आपण पहिल्यापासून तेच म्हणत होतो असं ठणकावून सांगितलं. नूनोंनी 30 ऑक्टोबरला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध लुकास मोराला बदललं तेव्हा घरच्या मैदानानेच हुर्यो उडवली. दहा सामने, पाच विजय, पाच पराभव; गुणांत म्हणाल तर काही प्रलय नव्हता.

म्हणून चाहत्याच्या घाईवर मी फार चिडत नाही. टॉटनमवाल्यांनी खेळ पाहिला होता. आर्सेनलवाल्यांनी दोन वर्षांचा राग पाहिला आणि मैदानावर कोण नाही हे पाहिलंच नाही. मालकावरचा राग प्रशिक्षकाच्या खात्यावर मांडला गेला, हेही तितकंच खरं.

तो हंगाम मात्र परीकथा नव्हता. आर्सेनल 69 गुणांवर पाचवं आलं, 71 गुणांवर चौथं आलं टॉटनमच, आणि मे महिन्यात टॉटनम व न्यूकॅसलकडून लागोपाठ हरून आर्सेनलने चॅम्पियन्स लीग घालवली. पुढच्या वर्षी सलग पाच विजयांनी सुरुवात, 248 दिवस अव्वल स्थान, आणि शेवटी सिटीमागे पाच गुणांनी दुसरं. ब्रेंटफर्डच्या त्या थ्रो-इनचीही एक गंमत आहे. त्याच उन्हाळ्यात निकोलास जोव्हर हे कॉर्नर आणि फ्री किकचे प्रशिक्षक आर्सेनलला आले होते, आणि सिटीत जाण्याआधी ते काम त्यांनी ब्रेंटफर्डलाच केलं होतं. पहिल्याच सामन्यात त्यांच्या जुन्या क्लबने त्यांच्याच विषयात नापास केलं. 2023-24 मध्ये आर्सेनलने कॉर्नरवर 16 गोल करून लीगच्या विक्रमाशी बरोबरी केली. 13 ऑगस्टच्या त्या रात्री हे कुणाला सुचलं असतं?

टॉटनमला मात्र आणखी एक ऑगस्ट पाहायचा होता. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात घडलेले अँज पोस्टेकोग्लू आले. पहिल्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, अव्वल क्रमांक. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर तिन्ही महिन्यांचे सर्वोत्तम मॅनेजर तेच. रॉबी विल्यम्सच्या गाण्याच्या चालीवर त्यांच्या नावाची आरती सुरू झाली. नोव्हेंबरात चेल्सीविरुद्ध दोन लाल कार्डांनंतर नऊच खेळाडू उरले, तरी बचावफळी मैदानाच्या मध्यापाशी उभी राहिली. 4-1 असा पराभव झाला आणि स्टँडने उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुरबुरणारे तेच लोक, पण या वेळी त्यांना खेळ इतका आवडला की त्यातलं भगदाडही धाडस वाटलं. पुढच्या हंगामात लीगमध्ये 22 पराभव आणि सतरावा क्रमांक.

पण सप्टेंबर 2024 मध्ये आर्सेनलकडून हरल्यावर याच गृहस्थांनी सांगितलं होतं की दुसऱ्या वर्षी मी काहीतरी जिंकतोच. त्या वाक्याची खूप थट्टा झाली. 21 मे 2025 ला बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला 1-0 हरवून टॉटनमने युरोपा लीग जिंकली, 17 वर्षांतला पहिला करंडक. 16 दिवसांनी पोस्टेकोग्लूंना काढून टाकलं.

सप्टेंबर 2025 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने आपल्या प्रशिक्षकाला लीगचे तीनच सामने झाल्यावर घरी पाठवलं. ते होते नूनो, आदल्या हंगामात संघाला सातव्या क्रमांकावर नेऊन युरोपात घेऊन जाणारे. त्यांच्या जागी आले पोस्टेकोग्लू. फॉरेस्टच्या प्रेक्षकांनी तीन-चार आठवड्यांतच, घरच्या मैदानावर, उद्या सकाळी तुझी नोकरी जाणार हे गाणं आपल्याच प्रशिक्षकाला ऐकवलं. एरवी ते समोरच्या संघासाठी राखलेलं असतं. आठ सामन्यांत एकही विजय नाही. 18 ऑक्टोबरला चेल्सीकडून 3-0 हरल्यावर प्रेक्षक अजून घरी पोहोचायचे होते, तोवर क्लबने पोस्टेकोग्लूंना मोकळं केलं. एकूण 39 दिवस झाले होते.