छायाचित्राच्या फाईलमध्ये काय साठते? मूळ प्रत का जपावी?

हरेगावच्या मतमाउली यात्रेत दर सप्टेंबरमध्ये असंख्य भाविक मोबाईलवर छायाचित्रे व चित्रफिती टिपतात. धर्मग्रामांतील स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या जुन्या नोंदवह्यांची पानेही आता स्कॅन करून ठेवता येतात. शाई फिकट होत चाललेल्या अशा पानावरील नाव व तारीख पुढील पिढीला वाचता येईल काय, हे त्याची प्रत कोणत्या स्वरूपात साठवली आहे यावरही अवलंबून असते. म्हणून या फाईलींची रचना समजून घेणे हिताचे आहे.

ठिपके आणि आकडे

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांचे जाळे होय. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. त्यातील लाल, हिरव्या व निळ्या रंगाचे प्रमाण ० ते २५५ या तीन आकड्यांत लिहिले जाते व प्रत्येक आकड्याला एक बाईट जागा लागते. ४००० गुणिले ३००० पिक्सेलच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख ठिपके असतात. त्यांना ३ कोटी ६० लाख बाईट, म्हणजे सुमारे ३६ एमबी जागा हवी. प्रत्यक्षात मोबाईलमधील फाईल बहुधा काही एमबीचीच असते. उरलेली माहिती कोठे जाते?

जेपीईजीची काटकसर

१९९२ साली प्रमाणित झालेली जेपीईजी पद्धत प्रथम उजेड व रंग वेगळे करते. मानवी डोळ्याला उजेडातील फरक चटकन जाणवतो, रंगांतील सूक्ष्म फरक तितका जाणवत नाही. म्हणून रंगाची माहिती कमी केली जाते. नंतर चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यांतील संथ बदल व झपाट्याने होणारे बदल वेगळे मोजले जातात आणि झपाट्याचे बदल बव्हंशी गाळले जातात. यामागील गणित बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासमवेत १९७४ साली मांडले.

आकाश किंवा भिंत यांच्या चित्रात ही गळती दिसत नाही. परंतु कागदावरील शाईची बारीक रेघ हाच मुळी झपाट्याचा बदल असतो. त्यामुळे अक्षरांभोवती डाग उमटतात आणि तारखेतील १ व ९ यांत गल्लत होऊ शकते. चित्रात फेरफार करून फाईल पुन्हा साठवली की पुन्हा काही माहिती गळते, आणि गळलेली माहिती परत मिळत नाही. केवळ नक्कल केल्याने मात्र हानी होत नाही.

१९९६ ची पीएनजी पद्धत काहीही गाळत नाही. एकसारख्या मजकुराची पुनरावृत्ती ती थोडक्यात नोंदवते. टिफ फाईलही हानीविना साठवता येते. नोंदवह्यांसाठी ही स्वरूपे योग्य होत.

चित्रफितीची पेटी

१९२० गुणिले १०८० पिक्सेलची, सेकंदाला २५ चित्रांची एक तासाची फीत जशीच्या तशी साठवल्यास सुमारे ५६० जीबी जागा लागेल. म्हणून २००३ च्या एच.२६४ सारख्या पद्धती अधूनमधून एक संपूर्ण चित्र ठेवतात व मधल्या चित्रांत फक्त बदल नोंदवतात. वेदीवरील वाचनात पार्श्वभूमी स्थिर असल्याने माहिती थोडी लागते; मिरवणुकीत सारेच हलत असल्याने पुष्कळ लागते.

एमपी४ ही केवळ पेटी आहे. तिच्यात चित्र, ध्वनी व त्यांची अनुक्रमणिका असते. ही अनुक्रमणिका अनेकदा शेवटी लिहिली जाते. चित्रीकरण चालू असतानाच बॅटरी संपली तर फाईल उघडत नाही, त्याचे हे एक कारण. तसेच फाईलच्या नावाचे शेपूट बदलल्याने आतील स्वरूप बदलत नाही.

काय करावे?

नोंदवहीचे पान टिफ किंवा पीएनजी स्वरूपात स्कॅन करावे आणि ती मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. फेरफार करावयाचा असल्यास तो नकलेवर करावा. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविल्यास ते लहान केले जाते. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास मूळ फाईल पोहोचते. लहान प्रत पाहण्यापुरती ठीक आहे, पण पुराव्यासाठी मूळ प्रतच हवी.